मेंडोझा लाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने अमेरिकेत राहायला गेलेले आई-बाबा, तिथे नुकतीच नोकरी लागलेली मंडळी आणि इथे पहाटे उठून बेसबॉल बघणारी कॉलेजची पोरं, या तिघांचेही प्रश्न फिरून फिरून एकाच शब्दाशी येतात. समालोचक म्हणतो, "तो मेंडोझा लाइनच्या खाली गेलाय", आणि पडद्यावर तर कुठेच रेघ दिसत नाही. आलेले प्रश्न साध्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेंडोझा लाइन म्हणजे नेमकं काय?

बेसबॉलमधली .२०० ही बॅटिंग सरासरी. बॅटरला मिळालेल्या दर पाच संधींत एक हिट, एवढा हा हिशेब. हिट म्हणजे असा फटका, की बॅटर सुखरूप निदान पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पोचतो. सरासरी याच्या खाली गेली, की बॅटर 'मेंडोझा लाइनच्या खाली' आला असं म्हणतात. अर्थ असा, की आता नुसत्या बॅटच्या जोरावर संघातली जागा टिकवणं त्याला अवघड आहे. आपल्याकडे दहावीला ३५ मार्कांना जे स्थान आहे, तेच बेसबॉलमध्ये .२०० ला. ३५ मिळवणाऱ्याला हुशार कुणी म्हणत नाही, पण ३४ आणि ३५ यांत काय अंतर असतं हे घरोघरी ठाऊक असतं.

२. ही रेघ मैदानावर कुठे आखलेली असते?

कुठेच नाही. मैदानावर दिसतात त्या फाउल लाइन्स, होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, निघून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून पुढे जाणाऱ्या. मेंडोझा लाइन असते सरासरीच्या तक्त्यात. सगळ्या बॅटरांची नावं वरपासून खालपर्यंत लावली, की .२०० जवळ ती मनातल्या मनात आखायची.

३. सरासरी काढतात कशी, आणि .२०० ला 'टू हंड्रेड' का म्हणतात?

एकूण हिट भागिले एकूण 'ॲट-बॅट'. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं, दशांशचिन्हाआधीचं शून्य गाळायचं आणि वाचताना चिन्हही गाळायचं. म्हणून .२०० म्हणजे 'टू हंड्रेड', .३१२ म्हणजे 'थ्री ट्वेल्व्ह'.

बहुतेकांची चूक होते ती ॲट-बॅट मोजताना. बॅटर प्लेटवर आला की दर वेळी ॲट-बॅट धरलं जात नाही. चार बॉल बाहेर पडून 'वॉक' मिळाला, चेंडू अंगावर लागून बेस मिळाला, किंवा पुढच्या धावपटूसाठी बॅटरने स्वतःचा बळी दिला आणि तो 'सॅक्रिफाइस' म्हणून नोंदला गेला, तर ती खेप सरासरीतून वगळतात. एखादा चार वेळा आला. एक वॉक, एक हिट, दोनदा आउट. त्याची त्या दिवसाची सरासरी एक चतुर्थांश होत नाही. ती एक तृतीयांश, म्हणजे .३३३ होते. हा वॉक लक्षात असू द्या. प्रश्न १३ मधला सगळा घोळ त्याचाच आहे.

४. क्रिकेटमध्ये २० ची सरासरी असलेला फलंदाजही संघात असतो. मग .२०० एवढी वाईट का?

सरासरी हा शब्द दोन्हीकडे असला, तरी मोजलेली गोष्ट वेगळी आहे. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, त्यामुळे आकड्याला वरची मर्यादा नाही. ब्रॅडमन ९९.९४ पर्यंत पोचले, तत्त्वतः त्याच्याही पुढे जाता येतं. बेसबॉलची सरासरी हे यशाचं प्रमाण आहे, ती १.००० च्या वर जाऊच शकत नाही. वेगाने येणारा गोल चेंडू गोल बॅटने अशा जागी मारायचा, की क्षेत्ररक्षकाने तो गाठण्याआधी आपण बेसवर असू. हे दहापैकी तीनदा जमलं, म्हणजे .३०० झाली, की तो उत्तम बॅटर. मेजर लीग ही तिथली सर्वांत वरची स्पर्धा. तिच्या अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन्ही लीगमध्ये १९४१ नंतर कुणालाही पूर्ण हंगामात .४०० गाठता आलेली नाही.

उत्तम आणि नापास यांच्यात दहा संधींमागे फक्त एका हिटचं अंतर आहे: तीन की दोन. हा खेळ किती कठीण आहे, ते मला या एका आकड्याने समजलं.

५. हे मेंडोझा कोण?

मारिओ मेंडोझा. जन्म २६ डिसेंबर १९५०, मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातला. जागा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरांचे सरपटी फटके जास्त करून इकडेच येतात, त्यामुळे इन्फिल्डमधली ही सर्वांत कामाची जागा. तिथे मेंडोझांचे हात इतके मऊ चालत, की मेक्सिकोत त्यांना 'मानोस दे सेदा' म्हणू लागले: रेशमी हातांचा.

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये ते नऊ हंगाम खेळले: १९७४ ते १९७८ पिट्सबर्ग पायरेट्सकडून, १९७९ आणि १९८० सिॲटल मरिनर्सकडून, १९८१ आणि १९८२ टेक्सस रेंजर्सकडून. पिट्सबर्गने त्यांना १९७८ च्या डिसेंबरमध्ये सिॲटलला दिलं आणि पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, पिट्सबर्गने वर्ल्ड सिरीज जिंकली. ते मात्र तेव्हा सिॲटलच्या तळाकडच्या संघात रोज उभे राहत होते.

आता आकडे. कारकिर्दीत १,३३७ ॲट-बॅट, २८७ हिट, सरासरी .२१५, होमरन, म्हणजे एका फटक्यात सगळे बेस फिरून घरी येणं, फक्त ४. नऊपैकी पाच हंगाम .२०० च्या खाली, चार वर. १९७९ मध्ये १४८ सामने, ३७३ ॲट-बॅट, ७४ हिट, सरासरी .१९८. एकच हिट जास्त मिळाली असती, तर सरासरी .२०१ झाली असती. १६२ सामन्यांच्या हंगामात इतकी हलकी बॅट असलेला माणूस १४८ सामने खेळवला गेला, यावरून त्याच्या हातांची किंमत संघाला किती होती ते कळतं.

६. शब्द काढला कुणी?

सर्वांत जास्त सांगितली जाणारी आणि खुद्द मेंडोझांनीही सांगितलेली हकिकत अशी. १९८० च्या हंगामाच्या सुरुवातीला कॅन्सस सिटी रॉयल्सचे जॉर्ज ब्रेट चाचपडत होते. मेंडोझांचे सिॲटलचे सहकारी टॉम पॅचोरेक आणि ब्रूस बॉक्टी यांनी त्यांना चिडवलं, की सांभाळ, नाहीतर मेंडोझा लाइनच्या खाली जाशील. ब्रेटनी ते क्रिस बर्मन यांच्या कानावर घातलं. बर्मन ईएसपीएनवर रोजच्या सामन्यांचा गोषवारा सांगत. हे चॅनेल तेव्हा वर्षभराचंही नव्हतं, १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेलं. ड्रेसिंग रूममधली थट्टा टीव्हीवर गेली आणि तिथून घरोघरी.

त्या काळी रविवारच्या वर्तमानपत्रात सगळ्या बॅटरांच्या सरासऱ्यांचा लांबलचक तक्ता छापून येई. खेळाडूही तो बघत, आणि आपल्या खाली कोण उरलंय हे शोधताना बोट मेंडोझांच्या नावाशी थांबे.

ज्यांना सावध केलं होतं त्या ब्रेटनी तो हंगाम .३९० वर संपवला. आणि मेंडोझांची १९८० ची सरासरी? .२४५, त्यांच्या कारकिर्दीतली सर्वोत्तम! ज्या वर्षी रेघेला नाव मिळालं, त्या वर्षी हा माणूस रेघेच्या चांगलाच वर होता. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट सांगताना हा भाग गाळतात, म्हणून तो इथे मुद्दाम दिला आहे.

नाव मिनी मेंडोझा या दुसऱ्या खेळाडूवरून आलं, असाही दावा अधूनमधून होतो. ते १९७० मध्ये मिनेसोटा ट्विन्सकडून खेळले, १६ ॲट-बॅटमध्ये ३ हिट. पण सिॲटलच्या ड्रेसिंग रूममधल्या थट्टेला, तीही दहा वर्षांनी, त्यांची आठवण कशाला लागावी? मला हा दावा पटत नाही.

७. म्हणजे मेंडोझा सर्वांत वाईट बॅटर होते ना?

नाही, आणि हा समज खोडून काढावासा वाटतो. सर्वांत वाईट बॅटर मेजर लीगमध्ये नऊ वर्षं राहत नाही. त्याला काही आठवड्यांत खालच्या लीगमध्ये पाठवतात. .२०० च्या आसपास राहूनही ज्याला संघ ठेवून घेतो, त्याच्याकडे दुसरं काहीतरी भारी असावं लागतं. ही रेघ सांगते ती शेवटची मर्यादा: हात रेशमी असले, तरी बॅट निदान इथपर्यंत यायला हवी.

एकनाथ सोलकर आठवा. २७ कसोटींत ५३ झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटजवळ उभं राहून घेतलेले. त्यांची फलंदाजीची सरासरी पंचविशीतली होती, आणि त्यांच्याबद्दल बोलताना ती सरासरी कुणी आधी काढत नाही. मेंडोझांच्या बाबतीत जगाने नेमकं उलटं केलं. झेल विसरले, सरासरी लक्षात ठेवली.

८. मराठीत बोलताना वाक्यात कसा वापरू?

लाइन स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ती मेंडोझा लाइन'. नेहमीचे वापर असे:

"मे उजाडला तरी हा मेंडोझा लाइनच्या खालीच आहे."
"कालच्या तीन हिटनंतर कसाबसा लाइनच्या वर आला."
"गेले दोन आठवडे लाइनवर लोंबकळतोय."

घोटाळा होतो तो 'ओलांडली' या क्रियापदाने. मराठीत रेषा ओलांडणे म्हणजे मर्यादा सोडणे. इथे खालून वर ओलांडली तर ती चांगली बातमी असते. म्हणून 'वर आला', 'खाली गेला' असंच म्हणावं. आणखी एक: ही रेघ सरासरीची आहे, एका सामन्याची नाही. चार संधींत एकही हिट नाही म्हणून कुणी त्या संध्याकाळपुरता 'मेंडोझा लाइनखाली' जात नाही.

९. मेंडोझा लिहायचं की मेंडोसा?

मेक्सिकोत उच्चार मेन्दोसा. तिथल्या स्पॅनिशमध्ये ते अक्षर 'स'सारखं उच्चारतात. अमेरिकन समालोचक मेंडोझा म्हणतात. शब्दप्रयोग अमेरिकन इंग्रजीतून आला आहे, म्हणून मी मेंडोझा लाइन लिहितो. माणसाबद्दल बोलताना कुणी मेन्दोसा म्हटलं, तर ते अधिक योग्यच.

१०. 'इंटरस्टेटवर आहे' म्हणतात तेही हेच का?

हो, जवळजवळ तेच. अमेरिकेतल्या मोठ्या महामार्गांना इंटरस्टेट म्हणतात आणि त्यांची नावं 'आय-९५', 'आय-८०' अशी लिहितात. इंग्रजीतलं 'आय' हे अक्षर एकच्या आकड्यासारखं दिसतं. त्यामुळे .१९५ सरासरी फलकावर लागली, की ती आय-९५ सारखी दिसते. .१८० असेल तर आय-८०. म्हणून एकशे-काहीची सरासरी असलेला बॅटर 'इंटरस्टेटवर'. फरक एवढाच, की मेंडोझा लाइन ही सीमा आहे आणि इंटरस्टेट हा तिच्याखालचा मुलूख.

११. एप्रिलमध्ये एखाद्या मोठ्या बॅटरची सरासरी .१५० असते. त्यालाही हे लागू?

बोलताना लावतात, पण अर्थ फारसा नसतो. २० ॲट-बॅटमध्ये ३ हिट म्हणजे .१५०, पुढच्या दोन सामन्यांत पाच हिट मिळाल्या की तोच .२८० च्या पुढे जातो. ब्रेटचंच उदाहरण प्रश्न ६ मध्ये आहे.

हंगामाअखेरच्या अधिकृत क्रमवारीसाठी निकष ठरलेला आहे: संघाच्या दर सामन्यामागे ३.१ वेळा प्लेटवर येणं, म्हणजे १६२ सामन्यांना ५०२ खेपा. इथे वॉकसुद्धा मोजतात. या निकषात बसून क्रिस डेव्हिसने २०१८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडून .१६८ सरासरी केली. पात्र बॅटरांत आधुनिक काळातली ती नीचांकी धरतात. त्या हंगामाच्या शेवटापासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्याला सलग ५४ ॲट-बॅटमध्ये एकही हिट मिळाली नाही. त्याच्याही खाली, .१५९ वर, ॲडम डनने २०११ चा हंगाम संपवला होता, पण त्याच्या खेपा भरल्या ४९६. सहा कमी पडल्या, म्हणून नकोसा विक्रम त्याच्या नावावर लागला नाही. या निकषाने स्वतः मेंडोझाही १९७९ मध्ये पात्र नव्हते.

१२. पिचर तर कायम याच्या खाली असायचे. त्यांना कुणी बोलत नसे का?

नसे. पिचरचं काम चेंडू टाकणं. त्याच्या बॅटकडून अपेक्षाच नव्हती. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या ऐवजी नेमलेला बॅटर खेळतो, त्यामुळे हा प्रश्नच जवळजवळ मिटला.

१३. काइल श्वार्बर लाइनच्या खाली असूनही संघाचा पहिला बॅटर कसा?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि मला सर्वांत आवडणाराही.

२०२३, फिलाडेल्फिया फिलीज. श्वार्बरची सरासरी .१९७, सरळसरळ रेघेखाली. होमरन ४७. वॉक १२६, एकूण हिट ११५. म्हणजे त्याने मारून जितक्यांदा बेस मिळवला, त्याहून जास्त वेळा चेंडू सोडून मिळवला. प्रश्न ३ मध्ये पाहिलं, की वॉक सरासरीत धरतच नाहीत. शिवाय सरासरीच्या लेखी एका बेसची हिट आणि होमरन सारखीच: दोन्हींना एक. त्याच्या साध्या, एका बेसच्या हिट होत्या ४८. ४८ साध्या हिट आणि ४७ होमरन, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा!

म्हणून आता आधी पाहतात ते 'ऑन-बेस' प्रमाण, ज्यात वॉकही धरतात. श्वार्बरचं ते .३४३ होतं, चांगलं म्हणावं असं. आउट न होणारा माणूस पहिल्या क्रमांकावर हवा, तो कसा बेसवर पोचतो याच्याशी संघाला कर्तव्य नाही.

मग मेंडोझा लाइन निकामी झाली का? माझ्या मते नाही, पण तिचा धाक कमी झाला. जो वॉक घेत नाही, होमरन मारत नाही आणि वर .२०० च्या खाली आहे, त्याच्यासाठी ती अजून तितकीच खरी आहे. श्वार्बरसारख्याला ती लावणं म्हणजे चुकीच्या विषयाचा पेपर तपासणं.

१४. काही जण लाइन .२१५ सांगतात. खरं काय?

.२१५ ही मेंडोझांची कारकिर्दीची सरासरी (प्रश्न ५). त्यावरून कुणी कुणी ती रेघ धरतात, आणि हिशेबाच्या बाजूने ते चूक नाही. पण प्रचारात .२०० आहे. गोल आकडा जिभेवर बसतो, शिवाय फलकावर पहिला अंक दोनाचा एक होताना डोळ्याला लगेच दिसतो.

१५. आता सगळ्यांच्याच सरासऱ्या घसरल्यात. रेघ खाली आणायला नको?

घसरल्यात हे खरं. १९८० मध्ये अमेरिकन लीगची एकूण सरासरी .२६९ होती, २०२२ मध्ये दोन्ही लीग मिळून .२४३. पिचर जास्त वेगाने टाकतात, आउटही जास्त होतात. याहून वाईट वर्ष होतं १९६८, .२३७ चं. तेव्हा पिचर उभा राहतो तो उंचवटा पुढच्या हंगामापासून १५ इंचांवरून १० वर आणला गेला. २०२३ मध्ये क्षेत्ररक्षकांनी एकाच बाजूला गोळा होण्यावर बंधन आलं. बॅटरांना हात द्यायला नियम बदलले, रेघ मात्र कुणी हलवली नाही. हलवूही नये. सगळे नापास होतात म्हणून ३५ चे ३० केले, तर ३५ ला अर्थ उरत नाही.

१६. बेसबॉलबाहेर हा शब्द चालतो का?

अमेरिकेत सर्रास. सिनेमाच्या धंद्यात एका थिएटरमागे सरासरी २,००० डॉलरची कमाई ही मेंडोझा लाइन म्हणून वापरली गेली आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वाढीच्या किमान वेगालाही हे नाव दिलं गेलं. अर्थ तोच, 'याखाली गेलात तर दुकान बंद'. मराठीत बेसबॉल न पाहणाऱ्यासमोर मात्र 'काठावर पास' म्हणा. तेवढंच नेमकं आहे आणि समजावून सांगावं लागत नाही.

१७. मेंडोझांना याचा राग येत नाही?

सुरुवातीला बोचलं, पुढे ते स्वीकारलं, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. मेक्सिकोत त्यांची ओळख या रेघेवर अवलंबून नाही. तिथे ते पुढेही अनेक वर्षं खेळले, नंतर संघ सांभाळले, आणि २००० मध्ये मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं. शब्द वापरायला हरकत नाही. मात्र मेंडोझा हे नाव 'ढ' या अर्थाने एखाद्या पोराला चिकटवू नका. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१८. सरासरी .१९९६ असेल तर खाली की वर?

अधिकृत आकडा तीन स्थळांपर्यंत पूर्णांकित करतात. ४९६ ॲट-बॅटमध्ये ९९ हिट म्हणजे .१९९६, छापताना .२००. म्हणजे तो रेघेवर आला, खाली नाही. बरोबर .२०० असलेल्यालाही 'रेघेवर' म्हणतात, खाली म्हणजे .१९९ आणि त्याहून कमी.

याच पूर्णांकनाची सर्वांत मोठी गोष्ट मात्र दुसऱ्या टोकाची आहे. २८ सप्टेंबर १९४१, हंगामाचा शेवटचा दिवस, दोन सामने बाकी. बॉस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती. घरी बसले असते तरी ती .४०० छापून आली असती. ते दोन्ही सामने खेळले, आठ ॲट-बॅटमध्ये सहा हिट मारल्या आणि हंगाम .४०६ वर संपवला.